उपकारस्तुती : एक घरगुती टिपण

आमच्या घरी दुपारच्या जेवणाआधी प्रार्थना होते आणि जेवण आटोपल्यावर, हात धुण्यापूर्वी, तीच प्रार्थना पुन्हा एकदा होते. ही दुसरी प्रार्थना आक्का करते. आपण जेवलो आहोत हे ती तोवर विसरलेली असते. रिकाम्या ताटाकडे क्षणभर पाहते, पदर डोक्यावरून घेते, डोळे मिटते आणि दयाळू पित्याने आज पुढ्यात वाढलेल्या अन्नाबद्दल त्याचे उपकार मानू लागते. आजारी, निराधार, वाटेवर असलेले, ज्यांच्या चुली आज पेटल्या नाहीत ते, असे सगळे क्रमाने येऊन जातात. ‘आमेन’ झाल्यावर ती डोळे उघडते आणि वाढण्याची वाट पाहत बसते.

आम्ही दोघेही मराठी शिकवतो. आमच्यातला एक जण आक्काचा मुलगा, दुसरी तिची सून. (सून तिला ‘तुम्ही’ म्हणते, मुलगा ‘तू’. या लेखापुरते वाचकांनी ‘ती’ चालवून घ्यावे.) गेली तीन वर्षे तिचे विसरणे हळूहळू वाढत चालले आहे. डॉक्टरांनी त्याला स्मृतिभ्रंश म्हटले. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला हा शब्द आम्ही आजवर क्रोधाच्या संदर्भात शिकवत आलो होतो. तो असा औषधाच्या चिठ्ठीवर भेटेल असे वाटले नव्हते. प्रथम माणसांची नावे गेली, मग नाती, मग दिवसाचे प्रहर. प्रार्थना मात्र शाबूत राहिली आहे, आणि नुसती पाठांतराने राहिली आहे असेही नाही. तिच्यात रोज काहीतरी ताजे असते. परवा तिने खिडकीतून येणाऱ्या उन्हाबद्दल उपकार मानले. त्या दिवशी खरोखरच बऱ्याच दिवसांनी ऊन पडले होते.

या दुसऱ्या प्रार्थनेने आम्हांला एका शब्दाकडे नव्याने पाहायला लावले. तो शब्द म्हणजे ‘उपकारस्तुती’. ख्रिस्ती घरांबाहेरच्या मराठी वाचकांस तो कदाचित परका वाटेल. मराठी बायबलात तो जागोजाग भेटतो. आमच्या मंडळीत मूल पास झाले, घर बांधून झाले, शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली की पाळकसाहेबांना बोलावून उपकारस्तुतीची प्रार्थना होते. लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलेला शब्द की त्याचे दोन तुकडे वेगळे करून पाहावेत हे मराठीची पदव्युत्तर पदवी घेईपर्यंत, आणि नंतरही पुष्कळ वर्षे, सुचले नाही.

तुकडे करून पाहिले तर पहिलाच तुकडा हाताला खुपतो. मराठीत ‘उपकार’ हा काही निर्मळ शब्द राहिलेला नाही. उपकाराचे ओझे असते, उपकाराखाली माणूस दबतो, उपकार फेडावे लागतात आणि फेडता आले नाहीत तर ते काढले जातात. ‘उपकारच केलेस!’ हे वाक्य मराठीत कौतुकाने क्वचितच उच्चारले जाते. दुसरीकडे, आपल्या घरांत आभार मानण्याची रीतच नाही. आईने ताटात भाकरी वाढली तर कोणी ‘आभारी आहे’ म्हणत नाही. म्हटलेच तर आई विचारील, काय रे, काय बिनसले? आभार परक्यांचे मानायचे आणि उपकार वरचढांचे, घरच्यांचे काहीच नाही. मग ज्याला ‘बापा’ म्हणून हाक मारायची त्याचे दिवसातून तीनदा उपकार मानायचे, ही काय गोष्ट झाली?

ग्रीक भाषेत ही अडचण दिसत नाही. नव्या करारात आनंदाला ‘खारा’ म्हणतात (वर्गात सांगितले की मुले हसतात आणि हसू ओसरल्यावर एखादी मुलगी म्हणते, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्यासारखा का?), कृपेला ‘खारिस’ म्हणतात आणि उपकारस्तुतीला ‘युखारिस्तिया’. तिन्ही शब्द एकाच कुळातले आहेत. पुढे हा शेवटचा शब्द ख्रिस्ती उपासनेच्या मध्यवर्ती विधीचेच नाव झाला. भाकर घेऊन, उपकारस्तुती करून, मोडून वाटणे असा तो विधी. मराठीत मात्र आनंद, कृपा आणि उपकार हे तीन वेगवेगळ्या घरांतले शब्द आहेत. त्यांची सोयरीक आमच्या लोकांनी भाषेत नाही, जगण्यात जुळवली, असे आम्हांला आता वाटू लागले आहे. ती कशी जुळवली ते सांगण्यासाठी हा खटाटोप.

पण आधी एक जुनी बोच सांगून टाकली पाहिजे.

आमच्यातला एक जण ज्या महाविद्यालयात सुरुवातीची काही वर्षे तासांवर शिकवत होता, तेथे शिक्षकांच्या खोलीत एक ज्येष्ठ गृहस्थ होते. विद्वान, वाचनाने संपन्न आणि मनाने वाईटही नव्हेत. एकदा डबे उघडले असताना आमच्या या सहलेखकाने सवयीने क्षणभर डोळे मिटले, तेव्हा ते हसत म्हणाले, “आता कशाला? दुष्काळ संपला की.” खोलीत सगळे हसले. आमचा सहलेखकही हसला. ते हसणे त्याच्या घशात अजून आहे.

विनोदाचा अर्थ नगर जिल्ह्यात कोणास सांगावा लागत नाही. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ साली सुरू झाले आणि १८३१ मध्ये नगरला आले. १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ येथूनच निघू लागला. पुढे १८७६ ते १८७८ चा दुष्काळ पडला, मग १८९६-९७ चा आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा. या काळात खेड्यापाड्यांतल्या महार आणि मांग वस्त्यांतून पुष्कळ माणसे ख्रिस्ती झाली. तेव्हापासून आमच्या प्रत्येक प्रार्थनेमागे कोणीतरी धान्याचे पोते पाहत आलेले आहे. तुम्ही देवाचे उपकार मानता ते खरे म्हणजे कोणाचे, हा प्रश्न कधी विनोदाने, कधी लेखातून, कधी मोर्चातून विचारला जातो. त्याला आकड्यांचे उत्तर देता येते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या होत्या. १९५६ मध्ये त्या शीख आणि १९९० मध्ये बौद्ध बांधवांना मिळाल्या, दलित ख्रिस्त्यांना मिळाल्या नाहीत. लाभासाठी धर्म धरून ठेवायचा असता तर हा व्यवहार फार तोट्याचा म्हणावा लागेल. पण हे उत्तर शिक्षकांच्या खोलीत सुचत नाही, आणि सुचले तरी डब्यावर बसून द्यावेसे वाटत नाही.

घरी येऊन आमच्या सहलेखकाने तो किस्सा आक्काला सांगितला. तेव्हा तिला सगळे आठवत असे. तिने विचारले, “मग तू हसलास?”

“हसलो.”

“का?”

या प्रश्नाला उत्तर नव्हते. मग तिने बहात्तरची गोष्ट सांगितली. तुकड्या-तुकड्यांनी ती आम्ही आधीही ऐकली होती, सलग प्रथमच ऐकली.

१९७२ साली ती अठरा वर्षांची होती. लग्न होऊन वर्ष झाले होते. गावची विहीर आटली, जनावरे विकली गेली आणि सगळी वस्ती दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. त्या दिवसांतली लाल मिलो आमच्या आधीच्या पिढीतल्या सगळ्यांना आठवते. अमेरिकेतून आलेली ती ज्वारीसारखी तांबडी, कडसर धान्याची भाकरी. थापताना तुटायची, खाताना घशात अडायची. कामावरच्या बायकांना आणि मुलांना सुकडी मिळे. आक्का सांगायची, पहिल्या दिवशी मिलोची भाकरी पुढ्यात घेऊन सासूने डोळे मिटले, पण हिला काही मिटवेनात. हिने विचारले, असल्या भाकरीबद्दल पण उपकार मानायचे का? सासू म्हणाली, भाकरीबद्दल नाही, भुकेल्याला कुणी इसरलं नाही म्हणून मान.

दुसरा भाग सुकडीचा. वाटपाचे माप मुकादमाच्या हाती असे आणि ते वस्तीच्या बायकांसाठी जरा हलके पडे. बायका गप्प बसत, कारण मिळते आहे तेच पुष्कळ, आणि तोंड उघडले तर उद्या हजेरीच लागायची नाही. हिच्या सासूने चारचौघींत ते माप मुकादमासमोर पुन्हा धरले आणि म्हणाली, भरून घाल. मुकादम म्हणाला, फुकट मिळतंय त्याचे उपकार मानायचे सोडून वर तोंड करतेस? त्यावर त्या म्हातारीने जे उत्तर दिले ते आमच्या घरात म्हणीसारखे राहिले आहे : “उपकार मानलेत. सकाळीच मानलेत. देणारा येगळा आन् वाटणारा येगळा. तू नुसतं नीट वाट.”

माप भरून मिळाले. (आक्का प्रामाणिक असल्यामुळे पुढचेही सांगायची : दोन दिवस मिळाले, तिसऱ्या दिवशी पुन्हा हलके झाले आणि पुन्हा भांडावे लागले.)

आम्ही साहित्य शिकवणारी माणसे, वाक्यांतून फार अर्थ काढण्याची आम्हांला खोड असते. तरीही या वाक्यात ‘उपकार’ या शब्दाचा काटा निघाला आहे असे आम्हांला वाटते. देणारा वर आहे आणि त्याला सकाळीच पोच दिलेली आहे. तेव्हा मध्ये जो कोणी उभा आहे, तो मुकादम असो, पाटील असो, मिशनचे साहेब असोत की सरकार असो, तो केवळ वाटपी ठरतो. त्याला मान द्यायचा, त्याचे काम चांगले झाले तर चांगले म्हणायचे, पण त्याच्या उपकाराखाली राहायचे नाही. उलट मापाचा हिशेब विचारायचा. उपकारस्तुतीने माणसे लाचार होतात असा आमच्या त्या विद्वान सहकाऱ्यांचा समज होता. खडीच्या ढिगाऱ्यावर तिने एका निरक्षर बाईची मान ताठ ठेवली होती.

त्या वर्षी गावच्या मंडळीत सुगीची उपासना करावी की नाही असा वाद झाला, हेही आक्कानेच सांगितले. ज्यांनी ही उपासना पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे, कारण आमच्या लेखी ख्रिस्ती आनंदाचे सर्वांत खरे रूप नाताळात नाही, या उपासनेत आहे. बाजरी घरात आली की एका रविवारी मंडळी आपापल्या शेतातले, परसातले, गोठ्यातले काहीतरी घेऊन येते. वेदीपाशी उसाच्या मोळ्या उभ्या राहतात, भोपळे येतात, बाजरीची कणसे, मेथीच्या जुड्या, हरभऱ्याचे डहाळे, अंडी. पाय बांधलेला एखादा कोंबडा उपदेशाच्या ऐन रंगात येऊन ओरडतो आणि शब्बाथ शाळेची मुले पाळकसाहेबांकडे न पाहता त्याच्याकडे पाहत राहतात. उपासना संपली की अंगणात लिलाव होतो. मेथीची जुडी शंभर रुपयांना जाते, घेणारा ती परत देतो, पुन्हा लिलाव होतो. एकच भोपळा चार-चार वेळा विकला जातो आणि शेवटी ज्या विधवा बाईने तो आणला तिच्याच ओटीत येऊन पडतो. बोली लावणाऱ्याची जीभ फार तिखट लागते. ज्याचे हात आखडते असतील त्याची तो गावादेखत फजिती करतो. अर्थशास्त्राच्या कुठल्याही नियमात हा बाजार बसत नाही. येथे किंमत वस्तूची नसते, आणि ती कशाची असते हे विचारण्याइतका वेळ कोणापाशी नसतो, सगळे हसत असतात.

तर १९७२ मध्ये वेदीपाशी ठेवायला काही नव्हते. पाळकसाहेब म्हणाले, यंदा सुगी नाही, उपासना पुढच्या वर्षी करू. तेव्हा एक म्हातारे गृहस्थ उठून म्हणाले, आपण देवाला पावती देतो का, माल आला तरच? उपासना झाली. लिलाव झाला नाही. आक्काला त्या दिवशीचे एवढेच आठवे की गाणी फार वेळ चालली, कारण घरी जाऊन करायचे काही नव्हते.

म्हाताऱ्या गृहस्थांनी ते वाचले होते की नाही कोणास ठाऊक, पण पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी हीच गोष्ट आहे. बहुतेक अभ्यासकांच्या मते पौलाच्या उपलब्ध पत्रांतले हे सर्वांत जुने. छळ सोसणाऱ्या, आपली काही माणसे नुकतीच पुरलेल्या एका लहानशा मंडळीला पौल पाचव्या अध्यायात अगदी तुटक शब्दांत तीन गोष्टी सांगतो : आनंद, प्रार्थना, उपकारस्तुती. तेथे तो प्रत्येक परिस्थितीबद्दल उपकार मानण्यास सांगत नाही, प्रत्येक परिस्थितीत मानण्यास सांगतो. सप्तमीचा हा प्रत्यय फार मोठा आहे. दुष्काळाबद्दल उपकार मानणे हा ढोंगीपणा झाला असता, दुष्काळात उपकार मानणे ही निराळी गोष्ट आहे. विभक्ती शिकवताना हे उदाहरण द्यावे असे आम्हांला पुष्कळदा वाटले आहे. अजून धीर झालेला नाही.

ढोंगी कृतज्ञतेची सोय बायबलाने ठेवलेली नाही, हेही येथेच नोंदवून ठेवतो. लूकच्या शुभवर्तमानात लागोपाठच्या दोन अध्यायांत आभार मानणारी दोन माणसे भेटतात. सतराव्यात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि आभार मानायला एकटाच परततो, तोही शोमरोनी, म्हणजे त्या समाजाच्या लेखी वेशीबाहेरचा. अठराव्यात एक परूशी मंदिरात उभा राहून, आपण इतरांसारखे नाही याबद्दल देवाचे आभार मानतो. व्याकरणदृष्ट्या दोघांचीही उपकारस्तुतीच. पण दुसऱ्याची स्वीकारली जात नाही. आजकाल झोपण्यापूर्वी वहीत तीन चांगल्या गोष्टी लिहाव्यात असा सल्ला सर्वत्र मिळतो. सल्ला वाईट नाही. पण त्या वहीत ‘मी त्यांच्यासारखा नाही’ हे वाक्य किती वेगवेगळ्या रूपांत येऊन बसते हे आम्ही आमच्याच वहीत पाहिले आहे.

मापाबद्दल भांडणे आणि उपकार मानणे एका तोंडाने करता येते याचा सर्वांत मोठा पुरावा स्तोत्रसंहिता हा आहे. दीडशे स्तोत्रांत तक्रारीची, विलापाची स्तोत्रे किती तरी आहेत. अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही. त्याच ग्रंथात एकशे छत्तिसावे आहे. त्याच्या सव्वीसही ओव्यांच्या शेवटी (आम्ही सवयीने ओव्याच म्हणतो) एकच ध्रुपद येते, देवाच्या अखंड दयेचे. आकाश, सूर्य, चंद्र, मिसरातून सुटका, दुभंगलेला समुद्र, पराभूत राजे असा सगळा विश्वाचा आणि इतिहासाचा पसारा मांडून झाल्यावर, अखेरच्या आधीच्या ओवीत, तो प्रत्येक जिवाला अन्न देतो एवढीच साधी गोष्ट येते. समुद्र दुभंगण्याच्या पंक्तीला भाकरी बसवलेली आहे. हे स्तोत्र मंडळीत म्हणताना पाळक पहिला अर्धा भाग वाचतात आणि सगळे ध्रुपद म्हणतात. आक्का अजूनही एकदाही चुकत नाही. सव्वीस वेळा तिची पाळी येते आणि सव्वीसही वेळा तिला ठाऊक असते.

मराठीत या आनंदाचा ग्रंथ कोणता, असे कोणी विचारले तर आम्ही ‘स्मृतिचित्रे’ सांगतो. विद्यार्थी गोंधळतात, कारण त्यांनी ते आत्मचरित्र म्हणून, स्त्रीलिखित गद्य म्हणून, फार तर धर्मांतराची हकीकत म्हणून वाचलेले असते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली पाच वर्षे त्या बाईंनी काय सोसले ते पुस्तकात आहेच. टिळकांचा हात इतका सैल की घरात पैसा ठरत नसे, हेही आहे. आणि तरी १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत निघालेल्या त्या पुस्तकात कडवटपणाची एक वाटीभर आमटी सापडायची नाही. औपचारिक शिक्षण जवळजवळ नसलेली ही बाई सोवळ्याओवळ्याचा जाच सांगते तेव्हा स्वतःसकट सर्वांवर हसते. हे हसू म्हणजे केवळ स्वभाव असे समीक्षक म्हणतात. आमचे मत थोडे वेगळे आहे. ज्या माणसाने आपले आयुष्य मिळालेले मानले आहे, कमावलेले नव्हे, त्यालाच त्याच्यावर असे मोकळे हसता येते. कमावलेल्या गोष्टीवर माणूस फारसा हसत नाही, तिला जपत बसतो. देवाचे उपकार मानते असे लक्ष्मीबाई घडोघडी लिहीत नाहीत. त्या गोष्टी सांगतात, आणि गोष्ट सांगण्याचा तो आनंद हीच त्यांची स्तुती झाली आहे. बालकवी काही काळ टिळकांच्या नगरच्या घरी राहिले होते. त्या घरात पैसा नव्हता, पण एका पोरसवदा कवीला राहावेसे वाटेल असे काहीतरी होते.

टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग आणि ओवी आणली, भजन-कीर्तन आणले. वाङ्मयेतिहासात याला ‘देशीकरण’ म्हणतात. आक्काला हा शब्द ठाऊक नाही. टिळकांचे गीत सुरू झाले की टाळ्या आपोआप वाजतात एवढे तिला ठाऊक आहे. चारशे वर्षांपूर्वी फादर स्टीफन्सनी ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत रचले (ते १६१६ मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापले गेले), तेव्हा त्यांनाही हेच उमगले असावे की उपकार परक्या छंदात मानले तर ते औपचारिक आभार होतात. असो. हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

तासांवर शिकवण्याची वर्षे आमच्या बाबतीत लांबली. एकाची अकरा, दुसरीची सात. उन्हाळ्याच्या सुट्टीत तास नाहीत म्हणून पैसे नाहीत आणि झालेल्या तासांचे पैसेही कधी आठ-आठ महिने यायचे नाहीत, हे मराठी शिकवणाऱ्या आमच्या पिढीतल्या पुष्कळांना नवे नाही. अशाच एका खंडानंतर मानधन एकदम जमा झाले. संध्याकाळी सगळे जमलो असताना आमच्यातली एक जण मनापासून म्हणाली, “साहेबांची कृपाच झाली म्हणायची.” सुनेवर आक्का सहसा आवाज चढवत नसे. त्या दिवशी चढवला. “कृपा? तुम्ही शिकवलं, त्याचे पैसे ते. ते ठेवून घेतले आठ महिने. कृपा कुणाची म्हणायची ते तरी नीट म्हण गं!” मग थोड्या वेळाने, जरा खाली येऊन : “आणि उद्या विचारायला जाशील, बाकीच्यांचे का नाही दिले म्हणून. जाताना हात जोडू नको.”

दुसऱ्या दिवशी आम्ही विचारायला गेलो नाही. भीती वाटली. ही गोष्ट लिहून ठेवणे आम्हांला आवश्यक वाटते, कारण आक्काच्या सासूची गोष्ट सांगून झाल्यावर आपणही त्याच रक्ताचे, असा समज वाचकाचा आणि आमचाही सहज होऊ शकेल. बाकीच्यांचे पैसे पुढे दोन महिन्यांनी आले. त्यांनी साहेबांचे आभार मानले.

आता आक्काला यांतले काहीच आठवत नाही. बहात्तर नाही, सासू नाही, सुकडीचे माप नाही, आणि ज्या वाक्यावर आम्ही हा एवढा लेख उभा केला ते वाक्यही नाही. येथेच आमची खरी अडचण आहे. ‘कृतज्ञ’ म्हणजे कृत जाणणारा, आपल्यासाठी जे केले गेले ते ज्याला ठाऊक आहे असा. ‘कृतघ्न’ म्हणजे ते कृत मारून टाकणारा. या दोन शब्दांच्या मध्ये आमच्या आक्काला बसायला जागा कुठे आहे? जे केले गेले ते तिला ठाऊक नाही, आणि तिने ते मारलेलेही नाही. प्रथम आम्हांला वाटले, ही नुसती जिभेची सवय उरली आहे, घराला आग लागून गेल्यावर चौकट उभी राहावी तशी. तसे असते तर त्या दिवशीचे ऊन प्रार्थनेत आले नसते.

सुरुवातीच्या महिन्यांत आम्ही तिला थांबवत असू. “आक्का, जेवण झालंय आपलं,” असे मुलगा म्हणे, सून रिकामे ताट दाखवी. ती ओशाळे. आपल्या हातून काहीतरी चूक झाली आहे एवढे तिला कळे, काय ते कळत नसे आणि दुपारभर ती गप्प राही. आम्ही सत्याच्या बाजूने होतो.

मागच्या पावसाळ्यात एके दुपारी तिने पदर डोक्यावर घेतला, पण डोळे मिटण्याआधी सुनेकडे नीट निरखून पाहिले आणि विचारले, “बाई, तुम्ही कोणाच्या?” सुनेला उत्तर सुचेना. पंचवीस वर्षे एका चुलीवर काढल्यावर या प्रश्नाचे उत्तर एकदम तोंडात येत नाही. आक्काने उत्तराची फार वाट पाहिली नाही. डोळे मिटून ती म्हणू लागली, की हे दयाळू पित्या, या बाई कोणाच्या आहेत ते तुला ठाऊक. यांनी वाढलं, यांच्या हाताला यश दे, यांच्या घरी काही कमी पडू देऊ नको. ‘आमेन’ आम्ही दोघांनीही म्हटले. एकीचा आवाज निघाला नाही.

तेव्हापासून आम्ही तिला थांबवत नाही. साखरेच्या दुखण्यामुळे जेवण मोजूनमापून द्यावे लागते, म्हणून पहिल्या वाढपातच अर्धी भाकरी आणि चमचाभर भाजी मागे ठेवतो. दुसरी प्रार्थना संपली की ती तिच्या ताटात वाढतो. ती पहिला घास मोडते आणि आम्हांला विचारते, तुम्ही जेवलात का. आम्ही नाही म्हणतो आणि पुन्हा तिच्यासोबत बसतो.